तात्पर्यबाई आणि रिकामी खुर्ची

तात्पर्यबाई एका जागी बसल्यात असं मी फार क्वचित पाहिलं. माझ्या एडिटिंगच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत, एक माझी आणि एक येणाऱ्याची. येणाऱ्याच्या खुर्चीवर बाई आपली पर्स ठेवायच्या आणि स्वतः दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायच्या. खोली एवढीशी. मागे चपलांची फटफट चालू असताना मी कसा काय शॉट जुळवायचा? एकदा वैतागून म्हटलं, "बाई, बसा तरी, नाहीतर चपला तरी काढा." त्यांनी चपला काढल्या आणि अनवाणी फिरायला लागल्या.

केसांचा घट्ट अंबाडा आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. कुणाच्या बोलण्यातलं काही कामाचं वाटलं की हात आपोआप मागे जायचा, पेन्सिल निघायची आणि जो कागद हाताला लागेल त्याच्या पाठीवर बाई खरडायच्या. पेन्सिल निघाली की युनिटमधली शहाणी माणसं तोंड मिटायची. आमच्या चहावाल्याला हे माहीत नव्हतं. त्याने बायकोशी अबोला धरल्याची गोष्ट मजेत सांगितली आणि काही महिन्यांनी ती टीव्हीवरून घराघरांत पोचली. त्याला आनंदच झाला म्हणा. बायकोला झाला नाही.

आमचा कार्यक्रम लहान मुलांचा, नाव 'अचाट घराणं'. एक कुटुंब आहे, घरातल्या प्रत्येकाच्या अंगात काहीतरी शक्ती आहे आणि एकाचीही शक्ती धड उपयोगाची नाही. बाबा अदृश्य होतात पण त्यांच्या चपला होत नाहीत, त्यामुळे भिंतीकडेने नुसत्या चपला चालत जातात. आईचे हात हवे तेवढे लांब होतात आणि मग त्यांची गाठ सोडवायला शेजारीण लागते. धाकटी मुलगी उडते, पण कपाटाच्या उंचीपर्यंतच. आजोबांना तीन गल्ल्या पलीकडे मुंगी शिंकली तरी ऐकू येतं, मात्र सुनेने बाजूच्या खोलीतून दूध आणायला सांगितलेलं ऐकू येत नाही. दर भागात ही मंडळी जग वाचवायला निघतात, वाटेत काहीतरी घोळ घालतात आणि शेवटी सगळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतात. मग आजोबा हातातलं गाजर नाचवत "तर मुलांनो" म्हणतात आणि त्या दिवशीची शिकवण सांगतात. कार्यक्रमात शिकवण असलीच पाहिजे ही वाहिनीची अट. गोष्टी लिहिणारे दुसरे होते. शेवटचं ते "तर मुलांनो" तेवढं बाई लिहायच्या, म्हणून त्या तात्पर्यबाई.

आमच्याकडे सगळा कारभार उलटा होता. स्वयंपाकघराचा सेट मोठा, जागा भाड्याची, म्हणून तो सीझनच्या सुरुवातीला एकदाच उभा करायचे. सगळ्या भागांच्या सगळ्या शिकवणी एका दमात शूट करायच्या आणि सेट मोडून टाकायचा. बाकीच्या गोष्टी मग सवडीने, त्या त्या शिकवणीच्या मापाने लिहायच्या. आधी तात्पर्य, मागून गोष्ट. नवीन माणूस हे ऐकून हसायचा आणि महिन्याभरात डोक्याला हात लावायचा. कारण गोष्ट लिहिणाऱ्याची गाडी हमखास भलतीकडे जायची आणि शेवटी शिकवण जुळेनाशी व्हायची.

त्यावर इलाज होता आजोबांच्या मिशा. कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाल्या माहीत नाही, पण त्या नकली मिशा एवढ्या झुपकेदार होत्या की खाली तोंड आहे की नाही याचीच शंका यावी. आजोबा बोलले की मिशा थरथरत, ओठ दिसत नसत. म्हणजे शूटिंगला आजोबा काहीही बोललेले असोत, नंतर डबिंगच्या खोलीत त्यांच्या तोंडी वाटेल ते वाक्य घालता येई. मिशा थरथरायच्या तेवढा वेळ भरून काढला की झालं. आमचा निम्मा सीझन त्या मिशांवर तरला, हे मी शपथेवर सांगेन.

बाई या धंद्यात आल्या त्याआधी औषधाच्या खोक्यांतले बारीक अक्षरांचे कागद लिहायच्या. रिकाम्या पोटी घेऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये, असलं. "तिथेही लोकांना शिकवतच होते की," त्या म्हणायच्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात बाई आणि त्यांची लेक. नवरा दुसरा संसार थाटून शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता. त्याबद्दल बाई कधी रडगाणं गायल्या नाहीत. फक्त 'बाबा' हा शब्द लिहायची वेळ आली की त्यांच्या फेऱ्या वाढायच्या.

लेकीला सगळे खारू म्हणायचे. तान्ही असताना घास गिळायची नाही, खारीसारखा गालात साठवून ठेवायची, म्हणून खारू. शाळा सुटली की ती थेट माझ्या खोलीत यायची, आईची पर्स उचलून खाली ठेवायची आणि येणाऱ्याच्या खुर्चीवर मांडी घालून बिस्किटं खायची. मला मुलांची फारशी आवड नाही. त्यांचे हात चिकट असतात आणि ती बटणं दाबतात. खारू बटणं दाबायची नाही. ती चुका काढायची. "मामा, धाकटीच्या पाठीची दोरी दिसतेय," ती शांतपणे सांगायची आणि दोरी खरंच दिसत असायची.

आमच्या कितीतरी शिकवणी खारूच्याच उपद्व्यापातून आल्या होत्या. फुटलेला कप कपाटामागे लपवला, दात न घासता ब्रश नुसता ओला केला, मैत्रिणीचं चित्र आपलं म्हणून दाखवलं, असं काही झालं की बाई आधी रागवायच्या आणि मग पेन्सिल काढायच्या. खारूला त्याचा अभिमानच होता. काही चुकलं की ती स्वतःच विचारायची, "हे घेणार का?" मायलेकींचं दुकान बरं चाललं होतं.

पण एक गोष्ट खारूने वेगळी म्हणून सांगितली होती.

ती मला बाईंनीच पुढे सांगितली, म्हणून मला माहीत. शाळेत पालकांना बोलावलं होतं. बाईंना शूटिंगमुळे पोचायला उशीर झाला. वर्गात प्रत्येक मुलीशेजारी दोन खुर्च्या होत्या आणि खारूच्या शेजारच्या दोन्ही रिकाम्या. कुणीतरी विचारलं असणार. खारूने एका खुर्चीकडे बोट दाखवून सांगितलं, "आई येतेय, आणि इथे बाबा बसलेत. ते दिसत नाहीत." हिची आई 'अचाट घराणं'मध्ये काम करते हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे अर्ध्या वर्गाने मान डोलावली. एका मुलीने खुर्चीपुढे बिस्किटही धरलं. दुसरीने चपला कुठायत म्हणून वाकून पाहिलं.

घरी आल्यावर खारूने हे आईला सांगितलं. सांगताना आधी हसली, चपला शोधणाऱ्या मुलीची नक्कल करून दाखवली, आणि मग हसता हसताच रडायला लागली. शेवटी म्हणाली, "हे घ्यायचं नाही. हे कुणाला सांगायचं नाही." बाई म्हणाल्या, "नाही सांगणार."

आणि बाईंनी ते घेतलं. का घेतलं, ते त्यांनाही धड सांगता आलं नाही. सीझनच्या सगळ्या शिकवणी एकदम द्यायच्या होत्या, एक कमी पडत होती, डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी खारूच्या जागी धाकटीची एक मैत्रीण घातली. वर्गाच्या जागी आमचं स्वयंपाकघर आलं. मैत्रीण टेबलाशी एक रिकामी खुर्ची ओढते आणि तिचेही बाबा अदृश्य आहेत असं सांगते. "ओळखू येणार नाही असं वाटलं होतं," बाई म्हणाल्या. आई लिहिती असली की तिला असलं वाटतं. खारूच्या वर्गातल्या एका तरी पोरीला ओळखू येणार नाही का, हा विचार त्यांना शिवला नाही.

त्या भागाची जोडणी मी करत होतो. खुर्चीची पूर्वकथा तेव्हा मला ठाऊक नव्हती. खारू नेहमीसारखी आली, पर्स खाली ठेवून बसली. पडद्यावर मैत्रीण खुर्ची ओढत होती. ती भूमिका करणारी पोरगी शूटिंगच्या दिवशी वाक्यं सारखी विसरत होती, म्हणून दिग्दर्शकाने तिला तोंडावर हात धरून आजोबांच्या कानात बोलायला लावलं होतं. हाताआड ओठ झाकले की वाक्य नंतर भरता येतं. ते भरलंही होतं. "माझे बाबा इथे बसलेत. ते दिसत नाहीत."

खारूच्या हातातलं बिस्किट तोंडापर्यंत गेलं नाही.

"मामा, मग आजोबा काय म्हणतात?" तिने विचारलं.

मी पुढचा तुकडा लावला. आजोबांनी गाजर उगारलं, मिशा थरथरल्या. "तर मुलांनो, जे नाही ते आहे असं कधी म्हणू नये. खोट्या खुर्चीवर कुणाला बसता येत नाही."

"बरं," खारू म्हणाली. ती खुर्चीवरून उतरली, आईची पर्स उचलून पुन्हा जागच्या जागी नीट ठेवली, अर्धं बिस्किट डब्यात परत ठेवलं आणि बाहेर गेली. दारात बाई भेटल्या. त्यांच्याकडे न पाहता ती जिना उतरली.

त्यानंतर बाईंची जी तगमग सुरू झाली ती बघवत नव्हती. आधी त्या नुसत्या फिरायच्या, आता फिरता फिरता वळायला विसरून भिंतीवर आदळायच्या. चहा गार व्हायचा, दुसरा मागवायच्या, तोही गार. मी चिडून विचारलं, तेव्हा त्यांनी खुर्चीची गोष्ट सांगितली. एका दमात, खिडकीकडे तोंड करून.

"रागावली असती तर बरं झालं असतं हो दादा," त्या म्हणाल्या. "ती शहाण्यासारखी वागतेय. ताटात काही टाकत नाही. बूट ओळीत लावते. शाळेत काय झालं विचारलं की 'काही नाही' म्हणते. पाहुणी राहायला आल्यासारखी राहतेय माझ्याकडे."

"होईल हळूहळू ठीक," मी म्हटलं. असं म्हणायचं असतं म्हणून म्हटलं.

"नाही होणार. तो भाग रविवारी लागला आणि तिच्या वर्गाने पाहिला, की ती आयुष्यात मला परत काही सांगणार नाही. आत्ता नाही आणि मोठी झाल्यावरही नाही. माझ्या लक्षात येतंय ते." बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. मला बाईमाणसाचं रडणं समोर चालू असलं की काय करावं ते कळत नाही, म्हणून मी उगाच एक बटण दाबलं आणि चांगला जुळवलेला शॉट घालवून बसलो.

दुसऱ्या दिवशी त्या दिग्दर्शकाकडे गेल्या. मीही गेलो, कारण तो पोरगा माझ्यापुढे जरा सांभाळून बोलतो. हुशार आहे, पण सारखा घाईत. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ही सीझनमधली सगळ्यात चांगली शिकवण आहे. मी स्वतः पाहताना हललो. आणि मुलं काय, विसरून जातात."

"तू काय काय विसरलास लहानपणचं?" बाईंनी विचारलं.

तो कानाची पाळी चोळत बसला. मग म्हणाला, "बरं. मी अडवत नाही. पण स्वयंपाकघर आता परत उभं राहणार नाही, आहे त्याच शॉटमध्ये जे करायचं ते करा. आणि शिकवण पाहिजे. तिच्याशिवाय वाहिनी भाग घेणार नाही. शनिवारी दुपारी आजोबा डबिंगला येतायत, तोवर वाक्य द्या. नाहीतर आहे तोच जाईल."

म्हणजे गोष्ट एवढ्यावर आली होती. आजोबांच्या मिशा थरथरतात तेवढ्या वेळात मावेल असं एक नवं वाक्य. जिने आजवर सीझनच्या सीझन वाक्यं पुरवली तिला हे अवघड जाऊ नये. मी निर्धास्त झालो आणि माझ्या कामाला लागलो.

मैत्रिणीचं वाक्य मी काढून टाकलं. खुर्चीचा जवळचा शॉटही काढला. आता ती नुसती येऊन हाताआडून आजोबांच्या कानात काहीतरी कुजबुजत होती. मग धाकटीचा एक शॉट होता, ती कपाटाच्या वरून विचारते, "काय म्हणाली ती?" तो दुसऱ्याच प्रसंगातला होता, पण कपाट तेच असल्यामुळे खपून गेला. त्यापुढे आजोबा, गाजर, मिशा आणि बाईंचं न आलेलं वाक्य.

ते वाक्य काही येईना. बाई माझ्या खोलीत फेऱ्या मारत मोठ्याने बोलून पाहायच्या. "तर मुलांनो, मैत्रिणीची चेष्टा करू नये." मग स्वतःच, "छे." "तर मुलांनो, मनातलं मोठ्यांना सांगावं." त्यावर त्या जे हसल्या ते मला मुळीच आवडलं नाही. "तर मुलांनो, बाबा नसले तरी..." हे वाक्य त्यांनी पुरं केलंच नाही. पेन्सिल अंबाड्यातून निघायची आणि तशीच परत जायची.

"एवढं काय त्यात," मी म्हटलं. "झाडं लावा म्हणा. पाणी जपून वापरा म्हणा."

"समोर एक मुलगी काकुळतीला येऊन कानात काहीतरी सांगतेय, आणि म्हातारा तिला पाणी जपून वापरायला सांगणार?" त्या माझ्यावर खेकसल्या. मग खिडकीशी थांबून म्हणाल्या, "काहीही लिहिलं तरी ते तिलाच लागतं दादा. शिकवण म्हटली की कुणीतरी चुकलेलं लागतं ना. ती नव्हती चुकलेली."

 मी धाकटीच्या पाठीची दोरी पुसत बसलो.

शनिवारी दुपारी आजोबा डबिंगला आले. म्हणजे आजोबांचं काम करणारे नट. मिशांशिवाय ते ओळखूच येत नाहीत, तुळतुळीत चेहऱ्याचा एक किडकिडीत म्हातारा. डॉक्टरांनी गोड बंद केल्यापासून डब्यात गाजरं घेऊन फिरतात आणि येता-जाता कुरतडत असतात. आमचं शूटिंगमधलं गाजर तिथूनच आलं. ते माइकपुढे स्टुलावर बसले, डोक्यावर हेडफोन चढवला आणि बाईंना म्हणाले, "बोला सूनबाई, आज जगाला काय शिकवायचं?"

बाईंच्या हातात कोरा कागद होता. "पाचच मिनिटं द्या," त्या म्हणाल्या आणि काचेच्या अलीकडे, माझ्या पाठीमागे त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. फटफट, फटफट. आवाज घेणारा मुलगा घड्याळाकडे बघत होता. दिग्दर्शक दार उघडून डोकावला, काही न बोलता गेला. पुन्हा पाच मिनिटांनी डोकावला.

आता नुसतं बसून काय करायचं म्हणून मी पडद्यावर तो शॉट पुन्हा पुन्हा फिरवत होतो. मैत्रीण कुजबुजते, धाकटी विचारते, आजोबांच्या मिशा थरथरतात. काचेपलीकडे खऱ्या आजोबांनी कंटाळून डबा उघडला आणि एक गाजर काढलं. माइक चालूच होता. आमच्या भोंग्यातून कर्र आवाज आला आणि त्यापाठोपाठ कचर कचर कचर. पडद्यावर मिशा थरथरत होत्या आणि कानात गाजर चावलं जात होतं.

"आजोबा, खाऊ नका हो, माइक खराब होईल," आवाज घेणारा मुलगा ओरडला.

चपलांचा आवाज थांबला म्हणून मी मागे वळून पाहिलं. बाई खोलीच्या मधोमध उभ्या होत्या, नजर पडद्यावर.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

मी परत लावला. त्या माइकवरून आत म्हणाल्या, "आजोबा, खा. थांबू नका. चांगलं मोठ्याने खा."

पुढचं सगळं आमच्या हातून भराभर झालं. शूटिंगच्या वेळी बोलून झाल्यावर आजोबा शेवटी गाजराचा एक तुकडा तोडतात, असा शॉट होता. तो मी उचलून पुढे आणला. आता असं झालं की मैत्रीण कानात कुजबुजते. धाकटी कपाटावरून विचारते, "काय म्हणाली ती?" त्यावर आजोबा म्हणतात, "मला कुठे ऐकू येतं?" मग ते प्रेक्षकांकडे वळतात, "तर मुलांनो," एवढंच म्हणतात, गाजराचा मोठा तुकडा तोडतात आणि चावत राहतात. मिशा थरथरतात, मैत्रीण त्यांच्याकडे बघते, आणि भाग संपतो. 'मला कुठे ऐकू येतं' हे आजोबांनी तीनदा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते इतक्या हळू आणि मायेने म्हटलं, की मी माझी चिडचिड तेवढ्यापुरती विसरलो.

एक कुजबुज राहिली होती. हाताआडून मैत्रीण बोलतेय आणि आवाजच नाही, हे बरोबर दिसेना. "मी करते," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन माइकपुढे उभ्या राहिल्या. तोंडावर हात धरला आणि काहीतरी बोलल्या. भोंग्यातून नुसतं सुसू-फुसफुस ऐकू आलं, पाहिजे होतं तेवढंच. शब्द होते त्यात. माझ्यापुढे आवाज मोठा करायचं बटण असतं. ते फिरवलं असतं तर आजोबांसारखं मलाही सगळं ऐकू आलं असतं. मी ते थोडं खाली केलं आणि म्हटलं, "झालं. चांगलं आलंय."

दिग्दर्शकाने भाग पाहिला. 'मला कुठे ऐकू येतं' ला तो खो खो हसला. मग गाजर चावून झालं, नावं वर सरकायला लागली आणि त्याचा चेहरा बदलला. "पण शिकवण कुठे गेली?"

"आजोबांच्या तोंडात आहे," बाई म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. घड्याळात भाग पाठवायची वेळ होऊन गेली होती. "वाहिनीने विचारलं तर मी तुमच्याकडे पाठवणार," तो म्हणाला आणि भाग पाठवायला सांगितला. वाहिनीने विचारलंच. बाईंनी आठवडाभर त्यांची बोलणी खाल्ली आणि कधी नव्हे ते एकदाही उलट बोलल्या नाहीत.

तर रविवारी तो भाग लागला. सोमवारी बाई माझ्याकडे आल्या आणि फेऱ्या मारायला लागल्या. "पाहिला तिने. दारात उभं राहून पाहिला. आत येऊन बसली नाही."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. संपल्यावर पाणी प्यायली आणि झोपायला गेली. बूट ओळीत होते."

मला वाटलं होतं, भाग लागेल आणि पोरगी धावत येऊन आईच्या गळ्यात पडेल. आमच्या कार्यक्रमात तसंच झालं असतं. पण पुढचे कितीतरी दिवस काहीच झालं नाही. बाई रोज यायच्या, रोज नवी वाक्यं लिहायच्या, रोज भिंतीवर आदळायच्या. एकदा म्हणाल्या, "काल भाजी टाकली तिने ताटात." दोनतीन दिवसांनी सांगितलं की एक बूट दारात आणि एक पलंगाखाली सापडला. मी म्हटलं, "चांगलं आहे." त्या दिवशी त्या चहा गरम असताना प्यायल्या.

मग एकदा शाळा अर्ध्या दिवसाने सुटली आणि खारू माझ्या दारात उभी राहिली. मी माझं काम चालू ठेवलं. अशा वेळी बोललं की बिघडतं, एवढं एडिटरला कळतं. तिने आईची पर्स उचलून खाली ठेवली आणि खुर्चीवर मांडी घातली. मी बिस्किटांचा डबा सरकवला. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "मामा, धाकटीची दोरी दिसतेय."

बाई खिडकीशी होत्या. त्या वळल्या, पण जवळ आल्या नाहीत.

खारूने त्यांना बोटाने खूण केली. बाई येऊन वाकल्या. खारूने तोंडावर हात धरला आणि आईच्या कानात कुजबुजायला लागली. बराच वेळ कुजबुजली. मध्येच थोडं हसली, मग बोलणं अडलं, मग परत कुजबुजली. बाईंचा हात सवयीने मागे अंबाड्याकडे गेला.  हात पेन्सिलीपर्यंत पोचला, पेन्सिल बाहेर निघाली, आणि बाईंनी ती न बघता माझ्या टेबलावर ठेवून दिली. घरंगळून ती खाली पडली तरी त्यांनी उचलली नाही.

सांगून झालं तेव्हा बाई उभ्या राहिल्या नाहीत. त्या तिथेच, जमिनीवर, लेकीच्या खुर्चीला पाठ टेकून बसल्या.

मला राहवलं नाही. "काय म्हणाली ती?"

बाईंनी डब्यातलं एक बिस्किट घेतलं, तोंडात टाकलं आणि सावकाश चावायला लागल्या. "मला कुठे ऐकू येतं?" त्या म्हणाल्या. वर खुर्चीत बसून खारू पाय हलवत होती आणि तिचा बूट आईच्या खांद्याला लागत होता.